मोहखेड्याच्या पाण्याची छागल

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे. छागल म्हणजे काय, हे तुम्ही आईला विचाराल, आई मोबाइलला विचारेल आणि मोबाइल भलतंच काहीतरी दाखवेल. त्यापेक्षा मीच सांगते. मी जाड कापडाची पाण्याची पिशवी. एका कोपऱ्यात लाकडी तोंड, त्याला साखळीने बांधलेलं बूच आणि वर टांगायला सुताची दोरी. एवढाच माझा दागिना. पण एके काळी खान्देशच्या उन्हात माझ्याशिवाय कोणी गावाची वेस ओलांडत नसे, हे जरा मिरवूनच सांगते.

माझा जन्म धुळ्याचा. ताडपत्र्या शिवणाऱ्या जीवराम मिस्त्रींनी मला दुहेरी टाक्यांनी शिवलं. ते मोठे बोलघेवडे होते. गिऱ्हाईक पैसे देऊन निघालं तरी त्याला थांबवून सांगत, "भिजाडीसन ठेव. आधी गळी, मंग पाझरी, मंग गार करी. गळनी म्हनीसन मनाकडे भांडाले येऊ नको." त्यांचं खरंच होतं. कोरडी छागल भरली की आधी पाणी धो धो गळतं. मग कापडाचे धागे फुगतात, गळणं थांबतं, आणि अंगभर नुसता ओलावा राहतो. तो ओलावा वारा उडवून नेतो आणि जाता जाता आतलं पाणी गार करून जातो. म्हणजे मित्रांनो, मी थोडं पाणी गमावते आणि उरलेलं गार ठेवते. माझा सगळा धंदा असा तोट्यातला!

मला विकत घेतलं ते पितांबर नावाच्या तरण्याताठ्या माणसाने. आज सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणते. साक्रीकडच्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते परिचर होते. पावसाळ्याआधी गावोगावच्या गुरांना घटसर्पाची सुई टोचायची असे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात हिंडणं आलं. सायकलच्या कॅरिअरला बर्फात ठेवलेली लस, हँडलला मी. डांबरी सडक साक्रीपर्यंतच. पुढे बैलगाडीची चाकोरी, तीही संपली की गुरांची पायवाट, आणि पायवाट संपली की सायकल खांद्यावर. रात्र झाली की देवळाच्या ओट्यावर पथारी. हल्ली अशा फिरण्याला बाइकपॅकिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळे कपडे शिवतात. आबा त्याला ड्यूटी म्हणत.

अशाच एका दुपारी आम्ही मोहखेड्याला पोचलो. डोंगराच्या कुशीतलं शेतकऱ्यांचं गाव, गावाखाली चिरेबंदी विहीर. विहिरीवर एक मुलगी पाणी शेंदत होती. आबांनी मला पुढे केलं. तिने मला काठोकाठ भरलं, बूच लावलं आणि माझ्या अंगावरून ओघळणारे थेंब पाहून म्हणाली, "ओ दवाखानावाला भाऊ, तुमनी छागल त गळी राहयनी!"

"गळू द्या," आबा म्हणाले. "गळस म्हनीसन गार राहस."

ती खुदकन हसली. त्या दिवशी मोहखेड्याच्या गुरांना सुया टोचून झाल्या, तरी आबांचं तिथलं काम काही संपेना. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. एका म्हशीच्या तब्येतीची त्यांना फारच काळजी लागली होती. म्हैस ठणठणीत होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. त्या मुलीचं नाव इंदिरा. पुढच्या वर्षी ती इंदिराबाई होऊन आबांच्या घरी आली.

मित्रांनो, माझे सगळ्यांत चांगले दिवस ते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की इंदिराबाई सायकलच्या कॅरिअरवर बसून माहेरी निघायच्या. हँडलला मी. चढ आला की दोघं उतरून चालत. विहिरीपाशी पोचलं की त्या आधी मला भरत, स्वतः पीत, आबांना पाजत आणि मगच घराकडे वळत. "मना माहेरनं पानी गोड शे," असं त्या दर वर्षी म्हणत आणि आबा दर वर्षी म्हणत, "पानी ते पानी. गोड छागल शे." माझी बाजू घेणारं बोलणं मला कायम आवडत आलं आहे.

मग आबांची बदली त्यांच्या स्वतःच्या गावी, धरणगावला झाली. मुलं झाली. आधी सुलक्षणा, मग भूषण. मोहखेडे लांब पडलं. इंदिराबाईंचे दोघे भाऊ पोटासाठी सुरतेला गेले, जमीन अर्धेलीने दिली आणि घराला कुलूप लावलं. आखाजीला बोलवायलाच कोणी उरलं नाही. इंदिराबाईंनी कधी कुरकुर केली नाही. आखाजीच्या दिवशी माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरची गाणी ऐकू आली की त्या स्वयंपाकघरात जरा जास्तच भांडी आपटत, एवढंच.

माझंही तसंच झालं. घरात फ्रिज आला, प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. आबा निवृत्त झाले, सायकल भंगारात गेली. मला टाकायला कोणाचा हात धजला नाही, म्हणून मला पडवीतल्या खुंटीवर टांगलं. टाकणं बरं की टांगणं बरं, याचा विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला. माझं कापड वाळून कडक झालं. पाठीमागे एक पाल राहायला आली. दिवाळीला झाडू फिरायचा, तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श.

सुलक्षणा धुळ्याला शाळेत भूगोल शिकवते. पोरं मोठी झाल्यावर तिला सायकलीचं वेड लागलं. तेही साधं नाही. डांबर दिसलं की हिला कंटाळा येतो! जाड टायरची सायकल, पुढेमागे पिशव्या, पिशवीत तंबू, आणि सोबतीला शेजारची मेघा. मेघा औषधाच्या दुकानात काम करते, वयाने बरीच लहान, आणि रस्ता चुकला की सगळ्यात आधी हसते. दोघी मनुदेवीच्या डोंगरात जाऊन आल्या, पाटणादेवीच्या जंगलात फिरून आल्या. प्रत्येक फेरीचे फोटो सुलक्षणा घरच्या ग्रुपवर टाकायची. आबा आणि इंदिराबाई पडवीत बसून एकाच मोबाइलमध्ये डोकं घालत.

"टायर त मोठा शे," आबा म्हणत, "पन छागल कोठे शे?"

"तुमले छागलशिवाय काही दिसस का?" इंदिराबाई म्हणत आणि फोटो बोटांनी मोठा करून पाहत. त्या काय शोधत ते मला खुंटीवरून कळायचं. एखादा फोटो मोहखेड्याचा निघतो का, ते.

गेल्या हिवाळ्यात इंदिराबाई अंथरुणाला खिळल्या. खाणं सुटलं. फक्त पाणी मागायच्या, आणि तेही विहिरीचं, माहेरचं. थंडीचे दिवस, घरात धावपळ, दवाखान्याच्या खेपा. एवढ्या लांब जाणार कोण? एके दिवशी आबांनी घरातलंच फिल्टरचं पाणी तांब्यात घेतलं आणि म्हणाले, "ले इंदिरा, मोहखेडानं पानी."

इंदिराबाईंनी घोट घेतला. जरा वेळ आबांकडे पाहिलं. "हाई पानी मोहखेडानं नई शे," त्या म्हणाल्या. "पन तुम्ही दिधं ना, मी पी लेस." आणि सगळा तांब्या त्यांनी संपवला.

त्यानंतर फार दिवस त्या राहिल्या नाहीत.

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर पुजतात. वर खरबूज ठेवतात, सांजोऱ्या ठेवतात. उन्हाचे दिवस आहेत, तहानलेल्या जिवाला पाणी पोचावं, एवढाच त्यातला भाव. इंदिराबाईंची ही पहिली आखाजी. आबा चैत्रातच म्हणाले, "इंदिरानी घागर मोहखेडाना पानीनी भरनी शे." तो तांब्या त्यांच्या घशात अडकून बसला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

भूषण म्हणाला, गाडीने जातो आणि दोन कॅन भरून आणतो. सुलक्षणा म्हणाली, "मी आखाजीला सायकलनेच येणार आहे. मोहखेड्यावरूनच येते." आबांना ते ऐकून एवढा आनंद झाला की ते उठले, पडवीत आले आणि इतक्या वर्षांनी त्यांनी मला खुंटीवरून काढलं. "तिनी पहिले भरेल छागल हाईच शे," ते म्हणाले. "पानी हिनामाच येई." पाल बिचारी सैरावैरा पळाली.

त्यांनी मला हौदाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. मित्रांनो, त्या पहिल्या भिजण्याचं मी काय वर्णन करू! माझा एकेक धागा जागा होत होता. पण म्हातारपणीचं जागं होणं ते, सावकाश चालतं. मध्येच एकदा आबांनी मला भरून पाहिलं, तेव्हा मी चाळणीसारखी गळले. आबांनी मला पुन्हा हौदात सोडलं आणि ते जेवायला गेले.

भूषणने ते गळणं पाहिलं होतं. त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. नळीचा जोड कुठे जरा झिरपला तरी याला झोप येत नाही. दिवसभर शेतकऱ्यांना थेंब वाचवायला शिकवणारा माणूस तो. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नव्हतं, उलट मायच्या पाण्याचा एक थेंबही वाटेत सांडू नये असंच होतं. त्याने मला पुसून उन्हात वाळवलं, गच्चीला लावायचा वॉटरप्रूफ रंग काढला आणि माझ्या एका कुशीवर जाड हात फिरवला. दुसरी कूस वळवणार, तेवढ्यात आबा आले.

"आरे, काय करी राहयना तू?"

"गळती बंद करी राहयनू, आबा. आते एक थेंब बी वाया जावाव नई."

"तिना जीव कोंडाई जाई ना, भूषण!" आबा ओरडले आणि त्याच्या हातातला ब्रश हिसकून घेतला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "वाया कोठे जास रे ते? जास म्हनीसन त बाकीनं गार ऱ्हास."

भूषणचा चेहरा उतरला. रंग काही निघाला नाही. तेव्हापासून माझी एक कूस पांढरी आणि मुकी आहे, दुसरी पहिल्यासारखी. मी तेव्हा फार चिडले होते. आता चिडत नाही, पण ती कूस दाखवायला मला आजही लाज वाटते.

भूषणने मला धुळ्याला पोचवलं, आणि आखाजीच्या चार दिवस आधी सुलक्षणा आणि मेघा धुळ्याहून निघाल्या. मी हँडलला. जुन्या जागी नव्या सायकलवर लटकताना मला कसं वाटलं म्हणून सांगू? सायकलीला गियर होते, शॉकअप होते, वाट दाखवायला मोबाइल होता. पण साक्रीच्या वरचा चढ मात्र तोच होता, आणि दोघी तिथेच उतरल्या जिथे आबा आणि इंदिराबाई उतरत. मोहाची फुलं संपत आली होती. घराला कुलूप होतं, अंगणात गवत वाळलं होतं. विहीर मात्र भरली होती. सुलक्षणाने मला भरलं, बूच लावलं आणि काठावर बसून खूप रडली. मेघाने आपली बाटली काढून तिला पाणी दिलं, कारण माझ्यातलं पाणी आता प्यायचं नव्हतं. ते मायच्या घागरीचं होतं.

परतीला त्यांनी महामार्ग टाळला. पांझरेच्या काठाकाठाने, मग शेतरस्त्यांनी, मुक्काम करत आल्या. रस्ताभर मी पाझरत होते, एका कुशीने. पाणी रोज थोडं उतरत होतं. सुलक्षणा संध्याकाळी मला हातात तोलून पाही आणि चिंतेत पडे. गळतं म्हणून गार राहतं, हे आबांचं बोलणं तिला पाठ होतं, तरी एकदा मेघाला म्हणालीच, "भूषणने दोन्ही बाजू रंगवल्या असत्या तर बरं झालं असतं का गं?"

आखाजीच्या आदल्या दिवशी अमळनेर मागे पडलं. धरणगाव आता हाकेच्या अंतरावर आलं असं दोघींना वाटत होतं. मोबाइलने शेतातून जवळची वाट दाखवली. ती वाट कोणीतरी यंदा नांगरून टाकली होती, हे मोबाइलला काय माहीत? ढेकळांतून सायकली ढकलत चालावं लागलं. कपाशी निघून गेलेली शेतं, झाड म्हणून दिसेना. बाटल्यांतलं पाणी चहासारखं तापलं होतं, ते मेघाच्या पोटात ठरेना. तिने ते डोक्यावर ओतून संपवलं. सुलक्षणाची बाटली ढेकळांतून ढकलताना कधी निसटून मागे पडली, कळलंही नाही. आणि मग कायम हसणारी मेघा एकदम गप्प झाली. तिचा घाम थांबला. ती बांधावर बसली ती उठेना, ओकारी आली, डोळे फिरायला लागले.

सुलक्षणाने भूषणला फोन केला. तो गाडी घेऊन निघाला, पण नांगरलेल्या रानात शोधायला वेळ लागणारच होता. मेघाला आत्ता पाणी हवं होतं.

सुलक्षणाचा हात माझ्या बुचावर आला आणि थांबला. माझ्यात काय आहे हे तिला ठाऊक होतं. आबांचा तो तांब्या तिलाही ठाऊक होता.

"ताई, नको," मेघा पुटपुटली. "ते मावशींचं आहे."

"गप बस," सुलक्षणा म्हणाली आणि तिने बूच उपटलं.

मी जिवाच्या आकांताने गार राहिले होते. अर्ध्या अंगाने का होईना, पण राहिले होते. तिने मेघाला घोट घोट पाजलं. ओढणी भिजवून मानेवर ठेवली, पुन्हा भिजवली, कपाळावर ठेवली. मी रिकामी होत गेले. मेघाच्या अंगात हळूहळू जीव आला. भूषणची गाडी बांधावर आली तेव्हा माझ्या तळाशी जेमतेम ओंजळभर पाणी होतं.

डॉक्टरांनी मेघाला सलाइन लावून सोडलं, आणि भूषणने तिला आबांच्या घरी आणलं. सुलक्षणा आबांसमोर जाईना. भूषणनेच त्यांना सगळं सांगितलं.

सकाळी नवी घागर मांडली. खरबूज आणलं, सांजोऱ्या तळल्या. सुलक्षणाने मला आबांच्या हातात दिलं. "आबा," ती म्हणाली, "माय साठे आनेल पानी मी..."

आबांनी मला कानाशी धरून हलवलं. तळाशी जरासं डुचमळलं. मग त्यांनी भिंतीला टेकून बसलेल्या मेघाकडे पाहिलं.

"पोरी, पानी गार व्हतं का?"

"होतं, आबा," मेघा म्हणाली. "आणि गोड होतं. एवढं गोड पाणी मी कधी प्यायले नाही."

आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"मंग पोचनं तिले," ते म्हणाले.

त्यांनी माझ्यातलं ओंजळभर पाणी घागरीत ओतलं. वर घरच्या नळाचं पाणी भरून घागर काठोकाठ केली, आणि पहिला नमस्कार मेघाला करायला लावला.

आता मी खुंटीवर नाही. भूषण रोज दुकानातून आला की जुन्या चाकूने माझ्या कुशीवरचा रंग थोडा थोडा खरवडतो. जपून खरवडतो, कापडाला इजा होऊ देत नाही. आबा शेजारी बसून चुका काढतात. पुढच्या आखाजीला सुलक्षणा आणि मेघा पुन्हा मोहखेड्याला जाणार आहेत. आबा म्हणतात, या खेपेला सकाळच्या गारव्यातच चाला, आणि नांगरलेल्या शेतात मोबाइलचं ऐकू नका.

मित्रांनो, तुमच्याही घरात, माळ्यावर, पडवीत, एखादी छागल कुठेतरी टांगलेली असेल. तिला पुसून भिंतीवर शोभेला लावू नका. तिचे फोटोही काढू नका. तिला भिजवा, भरा, उन्हात फिरायला न्या. तहानलेला कोणी भेटला तर बूच काढायला कचरू नका. आणि पहिल्या दिवशी ती गळली, तर घाबरू नका. गळू द्या.